सांगितले पंचावन्न, होते अठ्ठेचाळीस

हवामानाच्या नोकरीतला माणूस भेटला की लोक पावसाचंच विचारतात. एकतीस वर्षं नोकरी झाली, पण "मास्तर, यंदा थंडी कशी?" असं विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. थंडीची कोण पर्वा करतो! ती येते, चार दिवस कुडकुडवते आणि जाते. या अंकाच्या संपादकांनीही पत्रात लिहिलं होतं की पावसाळ्यातल्या गमतीजमती लिहा. गमतीजमती आहेत माझ्याकडे, पण त्या आमच्या खात्यातला कुणीही सांगेल. मला जी सांगायची आहे ती हिवाळ्यातल्या एका आठवड्याची हकीकत आहे. ती मी घरातही कधी धड सांगितलेली नाही. आता त्यातली इतर माणसं राहिली नाहीत, आणि माझाही भरवसा नाही, म्हणून लिहून टाकतो.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

कागदोपत्री उस्मानाबाद आणि बोलण्यात धाराशिव, अशा आमच्या गावात तारघराच्या मागं माळावर कुंपण घातलेली जागा होती. तिथं चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी होती, चारी बाजूंनी झडपांची, म्हणजे वारा आत जाईल पण ऊन जाणार नाही. पेटीत थर्मामीटरं. रोज सकाळी आठाच्या ठोक्याला पेटी उघडायची, पारा पाहायचा, ढग पाहायचे, वारा कुठून वाहतो ते पाहायचं, आणि सगळं रजिस्टरात लिहायचं. येरमाळ्याकडची एक म्हातारी बाजाराला येताना त्या पेटीला हळदकुंकू वाहून जायची. मी दोनदा सांगितलं की आजी, यात देव नाही. ती म्हणाली, "न्हाय कसा? तुमी रोज अंघूळ करून दार उघडता, वाकून बघता, मग काय उगंच व्हय?" त्यानंतर मी नाद सोडला.

रात्रीत पारा खाली कुठवर गेला हे सांगणारं एक वेगळं थर्मामीटर असतं. त्यात बारीक काडी असते. पारा उतरेल तशी ती मागं सरकते आणि सगळ्यात खालच्या जागी थांबून राहते. खरं तर त्यात पारा नसतो, स्पिरिट असतं, पण बोलताना आम्ही पाराच म्हणायचो. सकाळी काडी कुठं आहे ते वाचायचं आणि नळी कलती करून तिला परत जागेवर आणायचं. कुणी कलती केली नाही, तर दुपारी बारालाही ती रात्रीची गोष्ट खरी सांगते. हे लक्षात ठेवा.

मग हे सगळं पाच-पाच आकड्यांच्या गटांत बसवायचं आणि पुण्याला तार करायची. देशभरातून, अगदी वायव्येच्या डोंगरांपासून खाली रामेश्वरापर्यंत, अशाच तारा त्याच वेळेला तिथं जायच्या. त्या एका मोठ्या नकाशावर मांडल्या की पुढच्या दोन दिवसांचा अंदाज निघायचा आणि तारेनंच आमच्याकडे परत यायचा. हिवाळ्यात हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येई. थंडी आपल्याकडे एकाएकी उतरत नाही. ती वायव्येकडून निघते, राजपुताना, माळवा, खानदेश अशी वाटेतली गावं घेत येते. काल इंदूरचा माणूस कुडकुडला असेल, तर आपण परवा कुडकुडणार. यात जादू काही नाही, फक्त वाटेतल्या प्रत्येकानं खरं सांगितलं पाहिजे.

मुरूम गावचे एक व्यापारी होते, आप्पा म्हणत त्यांना. हिवाळ्यात त्यांच्या अंगणभर मिरच्या वाळत पडलेल्या असायच्या, आणि अवेळी पाऊस आला की त्यांचा जीव खालीवर. कामानिमित्त गावात आले की खिडकीशी हटकून उभे राहायचे.

"मास्तर, संक्रातीपतुर कोरडं ऱ्हाईल का?"

"आप्पा, आमचा अंदाज दोन दिवसांचा असतो."

"दोनच दिसांचा? मग पुण्याला येवढी मानसं बसून करत्यात काय?"

मला त्यांचं हसू यायचं. दोन दिवस आधी कळणं म्हणजे काय असतं, हे मलाही तेव्हा कळलेलं नव्हतं.

तार पाठवायचे ते करीमभाई. वीस वर्षं तारेवर काढलेला माणूस, वयानं माझ्या वडिलांएवढा. कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता. छातीला दमा होता, त्यामुळं हिवाळाभर गळ्याला मफलर. साडेआठनंतर व्यापाऱ्यांच्या तारांची गर्दी व्हायची, म्हणून आम्ही दोघांनी एक सोय करून घेतली होती. मी खिडकीशी उभा राहून तोंडानं आकडे सांगायचो, ते ऐकता ऐकता तार ठोकायचे आणि आपल्या वहीत टिपून ठेवायचे. तारेचा फॉर्म मी दुपारी सवडीनं रजिस्टर समोर ठेवून भरून द्यायचा. नियमात हे बसत नव्हतं. पण आकडे तर तेच असायचे, त्यामुळं कुणाला फरक पडत नव्हता.

ती हकीकत आमचं संस्थान भारतात यायच्या आधीच्या शेवटच्या हिवाळ्यातली आहे. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना जास्त सांगायला नको. पुणं, सोलापूर, बार्शी हे एका रात्रीत परमुलूख झाले होते. हत्यारबंद माणसांच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. लोक पोरंबाळं घेऊन हद्दीपलीकडे निघून जात होते. बाजारात दोन माणसं बोलत उभी राहिली तर तिसरा वाट बदलून जायचा. अशा दिवसांत मी रोज सकाळी माळावर जाऊन एका पेटीत डोकावत होतो आणि परमुलखात सांकेतिक आकड्यांची तार करत होतो. माझं वय सत्तावीस, घरात बायको आणि आठ महिन्यांचं लेकरू. मला भीती वाटत होती हे सांगायला आता लाज कसली!

एका सोमवारी सकाळी पेटीपाशी पाच-सहा जण उभे होते. खांद्याला बंदुका. एकानं बंदुकीच्या दस्त्यानं झडपांवर ठोकलं.

"अंदर वायरलेस है क्या?"

मी कुलूप काढून दाखवलं. थर्मामीटरं पाहून तो हसला.

"और ये किसको बताता है?"

"पुण्याला," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो हसायचा थांबला. माझ्याजवळ येऊन अगदी शांतपणे म्हणाला, "कल से इदर दिखा, तो देख ले."

त्या दिवशीचा आकडा मी कसाबसा वाचला. पारा छप्पन होता. तेव्हा आम्ही फॅरनहाइटमध्ये मोजायचो.

मंगळवारी सकाळी मी घरातून निघालो आणि कोपऱ्यावरूनच माळावर माणसं दिसली. घरी परत आलो तर बायको दारातच. "आज नाही पाहिलंत तर काय बिघडतंय? थंडी काय पळून जाते?" ती चुकीचं बोलली नाही. तिला त्या कामाचं इतकंच माहीत होतं. मला जास्त माहीत होतं, तरी मी मागच्या गल्लीनं तारघराच्या खिडकीशी गेलो आणि करीमभाईंना आकडे सांगितले. सोमवारचेच आकडे होते. सगळं तसंच नको म्हणून पारा तेवढा एकानं कमी केला. पंचावन्न. करीमभाईंनी तार ठोकली. मी घरी जाऊन पांघरूण घेऊन पडलो.

दुपारी माळ मोकळा झाला. न जाणो, पुन्हा कधी जायला मिळेल, म्हणून मी जीव मुठीत धरून गेलो आणि पेटी उघडली. काडी अठ्ठेचाळीसवर होती. एका रात्रीत आठ अंश! उत्तरेकडची थंडी येऊन पोचली होती, आणि पुण्याच्या नकाशावर मी धाराशिव उबदार ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं. निदान रजिस्टर तरी खरं असावं, म्हणून मी त्यात अठ्ठेचाळीस लिहिले. नेहमीच्या सवयीनं रजिस्टर पाहून फॉर्मही भरला आणि देऊन टाकला. दुरुस्तीची तार करता आली असती. पण तिच्यात कारण लिहावं लागतं. मी कारण काय लिहिणार होतो?

बुधवार, गुरुवार नीट गेले. ती माणसं कुठं निघून गेली कळलं नाही. शुक्रवारी सकाळी मी खिडकीशी गेलो, तेव्हा करीमभाईंनी आदल्या संध्याकाळी आलेली अंदाजाची तार माझ्या हातात दिली. थंडीची पहिली लाट सरली होती, मागून दुसरी येत होती, आणि ही मोठी होती. मध्य हिंदुस्थानात पारा फार खाली गेलेला, दोन दिवसांत आमच्याकडे पोचणार, काही ठिकाणी दंव गोठण्याचा संभव.

"मास्तर, लाकडं भरून ठेवा," करीमभाई मफलर सारखा करत म्हणाले. "माझ्या छातीला तर ही थंडी पुण्याच्याही आधी कळती."

तेवढ्यात दारातून अमीन आत आले. अमीन म्हणजे पोलिसांचा अंमलदार. बिदरकडचे होते, मराठी चांगलं बोलायचे, आणि माणूस हिशेबी. परमुलखात जाणाऱ्या आकड्यांच्या तारा तपासायला आले होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. करीमभाईंची वही घेतली, माझे महिन्याभराचे फॉर्म मागून घेतले आणि टेबलाशी बसून एकेक आकडा ताडून पाहायला लागले. मी तिथंच उभा होतो. वरची पानं उलटून ते मंगळवारपाशी आले आणि त्यांचं बोट थांबलं.

"बाकी सगळं जुळतंय," अमीन म्हणाले. "एकच दिवस. मास्तरांच्या कागदावर अठ्ठेचाळीस. तार गेली पंचावन्नची. बाबूजी, हा आकडा कुणी बदलला?"

करीमभाईंनी वही पाहिली, फॉर्म पाहिला. मग एकदा माझ्याकडे पाहिलं. "मालूम न्हाय, साहेब," म्हणाले.

दोन शिपायांनी त्यांना तिथूनच नेलं.

दुपारी मला बोलावणं आलं. अमीनांनी कागद तयार ठेवला होता. त्यात तीन गोष्टी लिहिल्या होत्या. हा फॉर्म माझ्या हातचा आहे. त्यातला आकडा मी स्वतः वाचलेला आहे. हाच आकडा मी तारबाबूला सांगितला. पहिल्या दोन खऱ्या होत्या. अमीन म्हणाले, "तुमचं काम साफ दिसतंय मास्तर. रजिस्टर, फॉर्म, सगळं एक. यानं मधल्या मधे आकडा बदलून पलीकडे काहीतरी खूण पाठवली असणार. सोमवारी याला गुलबर्ग्याला पाठवतो. तिथं विचारतील त्याला."

गुलबर्ग्याला नेलेल्या माणसांचं काय होतं, याबद्दल गावात जे बोललं जायचं ते मी ऐकलेलं होतं. खरं सांगितलं तर करीमभाईंच्या जागी मी जाणार, हेही मला दिसत होतं. सरकारी माणूस खोटा आकडा परमुलखात पाठवतो आणि खरा घरात ठेवतो, याचा अर्थ कुणीही काय लावेल? डोळ्यापुढं लेकरू आलं. मी सही केली.

शनिवारी दुपारपासून उत्तरेचा वारा सुटला. आभाळ इतकं निरभ्र की पाहवेना. आमच्या धंद्यात हे लक्षण सगळ्यात वाईट. ढग नसले की जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते, तिला अडवायला काही राहत नाही. गावातली माणसं "काय छान ऊन पडलंय" म्हणत पारावर बसली होती. मला मात्र उद्या पहाटे काय होणार ते माहीत होतं. ज्या माणसानं हा अंदाज कानांनी ऐकून कागदावर उतरवला, तो कोठडीत होता. मला बसवेना. मी बायकोला म्हटलं, घोंगडं काढून दे.

कोठडी दगडी होती आणि तिचं गजाचं दार उत्तरेला होतं. आमच्या पेटीचंही दार उत्तरेलाच असतं, म्हणजे उघडताना आत ऊन शिरत नाही. पण पेटीत थर्मामीटर असतं आणि इथं दम्याचा माणूस होता. वारा सरळ आत जात होता. करीमभाई कोपऱ्यात बसले होते. मला पाहून भिंतीला धरून उठले आणि गजापाशी आले. त्यांच्या छातीतली घरघर मला बाहेर ऐकू येत होती. मी घोंगडं गजांतून आत सरकवलं. "रात्री थंडी पडेल," एवढंच म्हणालो. जणू त्यांना ते माहीत नव्हतं! शिपाई बघत होता. मी वळलो आणि निघालो.

त्या रात्री मी झोपलो नाही, इतकंच सांगतो.

रविवारी आठ वाजायची वाट न पाहता मी माळावर गेलो. गवताच्या पात्यांवर दंव पांढरं धरलं होतं, पायाखाली कुरकुरत होतं. पेटीचं कुलूप बोटांना चटका द्यावा तसं लागलं. काडी अडतीसवर होती. माझ्या साऱ्या नोकरीत इतकी खाली मी ती नंतर कधी पाहिली नाही. मला त्या काडीकडे बघताना एकच दिसत होतं, ते उत्तरेचं गजाचं दार. वाटलं, माणूस गेला. आपण मारला. मी रजिस्टर तसंच काखेत मारलं आणि पळत अमीनांच्या घरी गेलो.

ते पायरीवर उन्हाला बसून चहा घेत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सोमवारची माणसं, मंगळवारचा खोटा आकडा, दुपारचा खरा, सहीचा कागद. जीभ अडखळत होती, तरी थांबलो नाही.

"त्या दिवशी पेटीपाशी का गेला नाहीत?" त्यांनी विचारलं.

"भीती वाटली."

"कुणाची?"

मी माळाकडे बोट दाखवलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कपबशी खाली ठेवली आणि एकदम त्यांचा आवाज चढला. "दोन दिवस एका बेगुनाह माणसाला मी थंडीत ठेवलं! तुमच्या एका सहीवर! माझ्याकडून हा गुनाह करवून घेतलात तुम्ही, समजतंय का?"

मला वाटलं, आता शिपायाला हाक मारतील. त्यांनी शाई-टाक मागवला आणि मला सगळं लिहून द्यायला लावलं. तो कागद आमच्या कचेरीकडे गेला. पुढं मला कडक ताकीद आली. नोकरी राहिली, कारण त्या दिवसांत त्या माळावर जायला दुसरा माणूस तयार नव्हता. अमीनांनी मला आत का टाकलं नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. बहुधा त्या सकाळी त्यांनाच स्वतःची लाज वाटत असावी.

कोठडीचं दार उघडलं तेव्हा करीमभाई घोंगड्यात डोक्यापासून गुंडाळलेले होते. मी हाक मारायला घाबरलो. शिपायानं मारली. घोंगडं हललं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचं भानही मला राहिलं नाही.

त्यांना चालवत नव्हतं. मी खांदा दिला आणि आम्ही उन्हाच्या बाजूनं हळूहळू त्यांच्या घराकडे निघालो. चार पावलं टाकायची, खोकायचं, पुन्हा चार पावलं. शेवटी तेच बोलले.

"मास्तर, मंगळवारी तुम्ही आकडे सांगितले, तवाच माझ्या बोटांना कळलं होतं. सगळे गट सोमवारचेच. वारा तोच, ढग तेच. फक्त पाऱ्यात एक कमी."

मी जागच्या जागी थांबलो. "मग अमीनांना सांगितलं का नाहीत?"

"मी सांगितलं असतं, तर तुम्हाला आत टाकलं असतं. घरात लेकरू हाय तुमच्या." त्यांना उबळ आली. ती संपेपर्यंत त्यांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला. "आन् मला वाटत होतं, तुम्ही येऊन सांगाल. काल दारात दिसलात, तवा म्हणलं, आले मास्तर, सुटलो आपण. म्हणून तर उठून गजापाशी आलो."

आम्ही पुन्हा चार पावलं टाकली.

"मग तुम्ही घोंगडं दिलंत," करीमभाई म्हणाले, "आन् निघून गेलात."